अंथरुणांच्या घड्या घालणारे गुरुजी

रमजानची सतरावी तारीख आली की बद्रची आठवण निघते. हिजरी सन २ मधली ही लढाई. तिच्यातला युद्धाचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो, नंतरचा फारसा सांगितला जात नाही. सीरतच्या ग्रंथांत असे सांगितले आहे की, ज्या कैद्यांकडे सुटकेसाठी द्यायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना अक्षरे शिकवावीत आणि मोकळे व्हावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरवून दिले. काल तलवार घेऊन चालून आलेला माणूस आज मुलांचा मास्तर झाला. मास्तर कुठल्या गोटातला, कुठल्या श्रद्धेचा, याची विचारपूस झाली नाही.

या प्रसंगाबरोबर मला एक मराठी मास्तर आठवतात. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणातल्या दापोलीजवळच्या पालगडचा. घराणे एकेकाळचे खोतांचे, पण वडिलांच्या काळात गरिबीला लागलेले. आई यशोदा १९१७ साली गेली, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. त्या आईची गोष्ट पुढे साऱ्या महाराष्ट्राने वाचली, तेव्हा ती इथे पुन्हा सांगत नाही. एवढेच सांगतो की, वर्गात ‘श्यामची आई’चा विषय निघाला की माझ्या सलमा, शबाना, असलम या मुलामुलींना ती बाई परकी वाटत नाही. पहाटे उठून सहेरीची भाकरी थापणारी, स्वतःच्या पोटाची गोष्ट शेवटी ठेवणारी बाई त्यांनी घरात पाहिलेली असते.

तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी गुरुजी खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. पण मन रमले शेजारच्या मुलांत. १९२४ साली एम. ए. होऊन ते तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाले, त्याच शाळेला आज प्रताप हायस्कूल म्हणतात. लवकरच वसतिगृहही त्यांच्याकडे आले. खरे गुरुजी तिथे घडले, असे मला वाटते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले, कुणाला घरची आठवण, कुणाला ताप. गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, विसकटलेल्या अंथरुणांच्या घड्या घालत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत, मळके कपडे धुऊन टाकत. रागावणे त्यांना जमत नसे. मुलांना आधी संकोच वाटे, मग लाज वाटे, आणि मग ती आपली कामे आपणच करू लागत. आजच्या भाषेत याला शिस्तीची पद्धत म्हणावे तर तसे काही शिकून ते आले नव्हते. आईने घरात जे केले, ते त्यांनी वसतिगृहात केले.

मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ काढत. छापील नव्हे, हाताने लिहिलेले. दिवसभर शिकवून, रुग्णाची सेवा करून हा माणूस पुन्हा लिहायला बसे. देशात काय चालले आहे, जगातले थोर लोक कोण, कुणाचे काय चुकले, सगळे त्यात असे. एका वसतिगृहापुरत्या वाचकांसाठी रोज एवढे कष्ट कोण घेतो? मी स्वतः शिकवतो, म्हणून विचारतो.

नोकरी जेमतेम सहा वर्षे झाली. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी राजीनामा दिला. तरीही ‘गुरुजी’ हा शब्द त्यांना मरेपर्यंत चिकटला. पुढची वर्षे तुरुंगात आणि रस्त्यावर गेली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते गुरुजींनी टिपून घेतले म्हणून आज आपल्याकडे आहे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे, बंगालचे सोबती भेटले. आपण शेजारच्या प्रांताची भाषाही जाणत नाही, याची खंत त्यांना तिथे लागली. तमिळमधले तिरुक्कुरळ त्यांनी मराठीत आणले. ‘आंतरभारती’चे स्वप्न तिथलेच. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे लढे, बेचाळीसची चळवळ, यांत ते होतेच.

पंढरपूरवर मात्र थांबले पाहिजे. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराशी, आणि चोखोबांच्या लेकरांना आत पाऊल टाकायची बंदी. शतकानुशतके हे चालले. पंढरीच्या भक्तीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचाही वाटा आहे, म्हणून हा प्रश्न मला परक्या देवळाचा वाटत नाही. हरिजनांना मंदिर खुले व्हावे म्हणून १९४६ च्या कार्तिकी एकादशीपासून उपोषण करायचे गुरुजींनी ठरवले. सहकाऱ्यांनी आधी लोकांकडे जा म्हणून गळ घातली. मग गुरुजी आणि सेनापती बापट महाराष्ट्रभर फिरले. गावोगाव विहिरी मोकळ्या झाल्या, देवळांची कुलुपे निघाली. पंढरपूरचे मात्र निघाले नाही.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. तिकडे पंजाब पेटलेला, देशाचे तुकडे होण्याची चिन्हे, आणि इकडे वैशाखाच्या उन्हात एक अशक्त माणूस एका दारासाठी पडून होता. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती गेली आणि उपोषण सोडण्याबद्दल त्यांची तार आली. ज्यांच्यासाठी नोकरी सोडली, तुरुंग भोगले, त्यांचाच हा सल्ला. गुरुजींनी तो मानला नाही. आम्ही रोजा धरतो तेव्हा मगरिबची अजान होणार हे ठाऊक असते, समोर खजूर आणि पाणी ठेवलेले असते. या उपोषणाला इफ्तारची वेळ ठरलेली नव्हती. असे उपोषण म्हणजे समोरच्यावर दडपण आणणेच की, असे तेव्हाही लोक म्हणत आणि तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण सहा महिने दारोदार समजावून झाल्यावर राहिलेला हा मार्ग होता. जिवाची जोखीमही स्वतःच्याच जिवाची होती. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी मान्यता दिली, आणि सुमारे दहा दिवसांनी उपोषण सुटले.

स्वातंत्र्य आले, आणि साडेपाच महिन्यांत गांधीजींचा खून झाला. मारणारा आपल्याच महाराष्ट्रातला, हे गुरुजींना सोसले नाही. त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही निघते. आंतरभारतीची कल्पना पुण्याच्या १९४९ च्या साहित्य संमेलनात मांडली. पण आतून माणूस खचत चालला होता. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. वय पन्नास. माझ्या धर्मात याला परवानगी नाही आणि ते मी लपवत नाही. पण इतरांच्या जखमा पुसणाऱ्या माणसाची जखम कुणाला दिसली नाही, याचे दुःख मोठे आहे. निवाडा अल्लाहचा, आमचा नाही.

त्यांच्या पश्चात जे कागद उरले, त्यांतून एक पुस्तक निघाले : ‘इस्लामी संस्कृती’. त्यात प्रेषितांचे चरित्र आहे, तुरुंगात लिहिलेले. हिंदू-मुसलमानांत अविश्वास वाढत असताना, पालगडच्या एका ब्राह्मणाने अरबस्तानातल्या अनाथ मुलाची गोष्ट मराठी वाचकांना आपुलकीने सांगितली. वाद घालण्यासाठी नव्हे, ओळख करून देण्यासाठी. कुठे एखादा तपशील आमच्या आलिमांना वेगळा सांगावासा वाटेल, ते चालते. भाषा मात्र वसतिगृहातल्या मुलांशी बोलावे तशी आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल, त्यांनी या महिन्यात शोधून वाचावे. तरावीहनंतर रोज थोडे वाचले तरी ईदच्या आत सहज संपेल.