प्रकाशावर आवाज पाठविणारे ग्रॅहॅम बेल

दूरध्वनीचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल जगाला परिचित आहेत. घरोघरी पोहोचलेल्या ऑप्टिकल फायबर इंटरनेटमागील कल्पना मात्र त्यांच्या दुसऱ्याच, काहीशा विस्मृतीत गेलेल्या यंत्रात दिसते.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. आईला कमी ऐकू येत असे. पत्नी मेबल याही कर्णबधिर होत्या. कर्णबधिरांना शिकवीत असतानाच बेल यांचा ध्वनीचा व्यासंग वाढला. १८७६ मध्ये त्यांना दूरध्वनीचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यांच्या १८७७ च्या चुंबकीय दूरध्वनीला बॅटरीही लागत नसे; आवाजाने थरथरणारा पडदाच तारेपुरती वीज निर्माण करी.

१८८० मध्ये सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांच्यासह त्यांनी 'फोटोफोन' सिद्ध केला. त्यात आवाजाने कंप पावणाऱ्या पातळ आरशावरून सूर्यप्रकाश परावर्तित केला जाई. वॉशिंग्टनमधील फ्रँकलिन शाळेच्या गच्चीवरून टेंटर यांनी उच्चारलेले शब्द बेल यांनी सुमारे २१३ मीटरवरील प्रयोगशाळेत ऐकले. ऐकण्याच्या टोकाला सेलेनियम व बॅटरी लागे. बोलण्याच्या टोकाला फक्त ऊन पुरे. हा शोध बेल यांना दूरध्वनीहूनही श्रेष्ठ वाटे. तथापि, ढग किंवा धुके आले की संभाषण खुंटे. प्रकाशाला सुरक्षित वाट हवी होती. ती देणारा काचतंतू अमेरिकेत १९७० मध्ये तयार झाला.

आता केंद्रापासून निघालेल्या एका तंतूतील प्रकाश वाटेतील विभाजक विजेविनाच अनेक घरांना वाटून देतो. वीज लागते ती दोन्ही टोकांना. घरातील १० वॅटचे उपकरण अखंड चालले, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खर्च होते; मग इंटरनेट कोणी वापरो वा न वापरो. लाखो घरांचा हिशेब केल्यास हा आकडा क्षुल्लक राहत नाही. म्हणूनच काम नसताना उपकरणाला क्षणाक्षणाची झोप देणारी पद्धत तांत्रिक मानकांत समाविष्ट झाली आहे.

कोळसा व खनिज तेल कधीतरी संपणार, याची चिंता बेल यांनी १९१७ मध्येच व्यक्त केली होती. २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी मिनिटभर स्तब्ध ठेवण्यात आले. काम नसताना यंत्राला विसावा देणे, हीही त्यांना वाहिलेली आदरांजलीच ठरेल.