माणिकबागेतला तरुण राजा

दिवाळीत नात पुण्याहून बुलडाण्याला आली, तेव्हा तिनं एक इंग्रजी चित्रपट दाखवला. स्टीफन फ्राय यांचा २००३ सालचा, एव्हलिन वॉ यांच्या १९३० च्या कादंबरीवरचा. दोन महायुद्धांमधलं लंडन, बड्या घरची पोरं, रोज रात्री मेजवान्या आणि शेवटी दाराशी येऊन ठेपलेलं युद्ध. आपल्याकडं असं कुणी होतं का, असं तिनं विचारलं आणि मला इंदूरचे यशवंतराव होळकर आठवले.

मलकापूर-बऱ्हाणपूरच्या रस्त्यानं इंदूर आम्हाला परकं नाही. थोरली बहीण तिथंच दिलेली. त्यामुळं या राजाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या.

जन्म १९०८ चा. शिक्षण विलायतेत, ऑक्सफर्डपर्यंत. मुंबईत १९२५ मध्ये मलबार हिलवर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. संशयाचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि चौकशीला तोंड देण्याऐवजी वडील तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. अहिल्याबाईंच्या गादीवर सतरा वर्षांचा मुलगा बसला. वारशात दौलत आली, तशी बदनामीही आली. पूर्ण अधिकार मिळाले १९३० मध्ये.

पत्नी संयोगिताबाई कागलच्या घाटगे घराण्यातल्या. हे तरुण जोडपं युरोपात वावरू लागलं. मॅन रे यांनी त्यांची छायाचित्रं काढली, बूते द मोंव्हेल यांनी तैलचित्रं रंगवली. इंदुरात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकारानं त्यांच्यासाठी माणिकबाग उभारली. ना कमानी, ना झुंबरं. सरळ रेषा, काच, धातू आणि पॅरिसच्या नामवंतांचं फर्निचर.

इथं मात्र माझं मन अडखळतं. माणिकबाग सजत होती, तेव्हा जगभर मंदी होती. आमच्या खामगावच्या बाजारात कापसाचा भाव कोसळला होता. माळव्यातही तेव्हा कापूस पिकायचा. त्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून पॅरिसची खुर्ची आली, हे विसरून त्या सौंदर्याचं कौतुक कसं करावं?

पण नुसता दोष देऊनही हा माणूस कळत नाही. संयोगिताबाई १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, पंचविशीही न गाठता. मागं लहानगी लेक उषा. शिल्पकार ब्रांकुसी यांच्याकडून यशवंतरावांनी पक्ष्याची तीन शिल्पं घेतली होती. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचं होतं. ब्रांकुसी इंदूरला येऊनही गेले, पण मंदिर झालंच नाही. पुढं दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह झाले, त्यातला पहिला मोडला.

त्याच राजानं १९३८ मध्ये संस्थानातली मंदिरं हरिजनांना खुली केली. कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाला आश्रय दिला आणि त्या संघानं रणजी करंडक चार वेळा जिंकला. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं. मुंबईत १९६१ च्या डिसेंबरात, त्रेपन्नाव्या वर्षी, यशवंतराव गेले. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयानं याच राजावर प्रदर्शन भरवलं.

मी माणिकबाग पाहिली ती फाटकाबाहेरून. आत केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचं कार्यालय होतं. हातात फायली घेतलेली माणसं ये-जा करत होती. त्या दिवशी मी इंदूरला गेलो होतो, कारण बहीण आजारी होती. तिला ठेवलं होतं महाराजा यशवंतराव रुग्णालयात. गावाकडचे लोक व्हरांड्यात भाकरी सोडून बसले होते. कोण यशवंतराव, हे त्यांना ठाऊक नसावं.

बहीण बरी होऊन घरी आली. नातीला मी एवढंच सांगितलं, की सिंदखेडराजाच्या वाड्यापासून माणिकबागेपर्यंत, राजांचे महाल शेवटी रिकामेच होतात. लोकांच्या कामी आलेलं तेवढं मागं उरतं.