राज्य गेलं, भाषा राखली

गेल्या संक्रांतीला आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. औद्योगिक वसाहतीमुळे आमच्याकडे एकेका मजल्यावर चार चार भाषा. नव्याने राहायला आलेल्या शेजारणीला मी आपलं हिंदीतूनच बोलावणं केलं. त्या आल्या, वाण घेतलं आणि चक्क मराठीत बोलू लागल्या! मराठी आपलीच, पण जुन्या वळणाची, हेल मात्र तमिळ. कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर हसल्या. त्या तंजावरकडच्या. घरात पिढ्यान् पिढ्या हीच भाषा.

मला फार कौतुक वाटलं, आणि जराशी लाजही. लाज का, ते शेवटी सांगते. आधी गोष्ट सरफोजीराजांची. कारण तिकडची मराठी राखण्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं. त्यांच्याबरोबर आणि मागून कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे गेली ती तिथलीच झाली. त्याच घराण्यात १७७७ मध्ये सरफोजी जन्मले. तुळजाजीराजांना वारस नव्हता, म्हणून १७८७ मध्ये त्यांनी या लहान मुलाला दत्तक घेतलं आणि लगेच त्यांचा मृत्यू झाला. गादीवर बसले काका अमरसिंह. पोरक्या सरफोजींना श्वार्त्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने सांभाळलं, शिकवलं. पुढे मद्रासला नेऊन त्यांचं शिक्षण झालं. इंग्रजी आली, युरोपातलं शास्त्र कळलं. गुरूंबद्दल त्यांना आयुष्यभर माया होती, पण त्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि घरची भाषाही विसरली नाही.

१७९८ मध्ये गादी मिळाली, पण ती फार काळ राज्य म्हणून उरली नाही. १७९९ च्या तहाने कारभार इंग्रजांनी घेतला. राजांच्या हाती उरला तंजावरचा किल्ला, आसपासची थोडी जागा आणि मिळणारा तनखा. वय अवघं बावीस! दुसरा एखादा ऐषआरामात बुडाला असता, नाहीतर कुढत बसला असता. सरफोजीराजांनी मात्र उरलेल्या पैशात आणि वेळात पुस्तकं जमवली.

नायक राजांच्या काळापासूनचा राजवाड्यातला ग्रंथसंग्रह त्यांनी इतका वाढवला की आज सरस्वती महाल म्हटलं की त्यांचंच नाव पुढे येतं. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेला निघाले. आपण यात्रेहून गंगाजल आणतो, त्यांनी त्याबरोबर पोथ्याही आणल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळ्या भाषांना तिथे जागा मिळाली. मोडीतले हजारो कागदही त्या संग्रहात आहेत.

१८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. १८०६ च्या सुमारास तिथे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक, ‘बालबोध मुक्तावली’, तयार झालं. म्हणजे महाराष्ट्रापासून इतक्या दूर, मुलांसाठी छापील मराठी!

मला सगळ्यात आवडली ती त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नाट्यप्रकार. त्यात रानातून आलेली भविष्य सांगणारी बाई असते. राजांनी साचा तिथला घेतला, भाषा आपली ठेवली आणि त्यातून चक्क जगाचा भूगोल सांगितला. दार बंद करून भाषा राखायची नसते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. मराठीत नृत्यासाठी रचना केल्या, तसा तमिळ कवींना आणि कलावंतांनाही आश्रय दिला. धन्वंतरी महालात देशी आणि विलायती औषधं एकत्र नांदली, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. आणि स्वयंपाकघरही सुटलं नाही! ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ नावाने त्यांच्या मुदपाकखान्यातले पदार्थ मराठीत लिहून ठेवले गेले. रोजच्या ताटातलंही लिहून ठेवण्याजोगं असतं, हे एका राजाला उमजलं.

१८३२ मध्ये ते गेले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे वारसाविना वारले आणि इंग्रजांनी उरलंसुरलं संस्थानही खालसा केलं. ग्रंथालय मात्र राहिलं. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

आता माझ्या लाजेची गोष्ट. माझं माहेर केळव्याचं, आम्ही वाडवळ. बारावीला असताना आजी मला भेटायला बोईसर स्टेशनवर आली होती. मैत्रिणींसमोर ती आपल्या वाडवळीत मोठ्याने बोलायला लागली आणि मी तिला हळूच गप्प केलं. ती गप्प झाली. पुढे माझ्याशी ती जपून, पुस्तकी मराठीत बोलायचा प्रयत्न करायची. आजी गेली. माझ्या मुलांना वाडवळी बोलता येत नाही, कळतेही अर्धीमुर्धी. तंजावरकर शेजारणीच्या घराण्याने शेकडो मैलांवर जाऊन साडेतीनशे वर्षं भाषा सांभाळली. मी केळव्याहून बोईसरला आले, मध्ये मोजकीच स्टेशनं, आणि एका पिढीत घालवून बसले.

आई अजून आहे. तिला लग्नातली गाणी येतात, उकडहंडीत काय काय आणि कुठल्या क्रमाने घालायचं ते तोंडपाठ आहे. मागच्या रविवारी शंभर पानी वही घेऊन गेले. आधी ती लाजली. आता हे लिहून काय करणार गं, म्हणाली. मी म्हटलं, तू नुसतं बोल, तुझ्याच भाषेत. पहिल्या दिवशी सात पानं झाली. मुलीला मुद्दाम बरोबर नेलं होतं. एकेका शब्दावर ती अडत होती आणि आजीला परत परत विचारत होती. या वेळी मात्र कुणी कुणाला गप्प केलं नाही.