वाचकांच्या बळावर उभा राहिलेला इतिहासकार

तत्त्वज्ञ म्हणून आज जगभर अभ्यासले जाणारे डेव्हिड ह्यूम यांना हयातीत सर्वाधिक वाचक मिळवून दिले ते इतिहासलेखनाने. हे यश मात्र सहजासहजी लाभले नव्हते.

१७११ मध्ये एडिंबरोत जन्मलेल्या ह्यूम यांचा पहिला तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि दुर्लक्षित राहिला. धर्माविषयीच्या संशयी मतांमुळे एडिंबरो व ग्लासगो या दोन्ही विद्यापीठांची दारे त्यांना बंद झाली. अखेर १७५२ मध्ये एडिंबरोतील वकिलांच्या ग्रंथालयात ग्रंथपालपद मिळाले. वेतन तुटपुंजे, पण हाताशी सुमारे ३० हजार ग्रंथ होते. त्यांच्या आधारे इंग्लंडच्या इतिहासाचे लेखन सुरू झाले.

१७५४ मध्ये, त्यांनी मागविलेली तीन फ्रेंच पुस्तके अश्लील ठरवून ग्रंथालयाच्या व्यवस्थापकांनी काढून टाकली. हा अपमान जिव्हारी लागणारा होता. परंतु राजीनामा दिल्यास ग्रंथ दुरावले असते. ह्यूम यांनी पद राखले आणि वेतन थॉमस ब्लॅकलॉक या अंध कवीला देऊ केले.

त्याच वर्षी स्टुअर्ट घराण्यावरील पहिला खंड निघाला. शिरच्छेद झालेल्या पहिल्या चार्ल्स राजाविषयी त्यात सहानुभूती होती, मात्र ती कोणत्याही पक्षाच्या सोयीची नव्हती. व्हिग आणि टोरी दोघेही रुष्ट झाले. लंडनचे प्रकाशक अँड्र्यू मिलर यांच्याकडे वर्षभरात अवघ्या ४५ प्रती खपल्याचे ह्यूम यांनी आत्मवृत्तात नमूद केले आहे. नाव बदलून फ्रान्समध्ये स्थायिक होण्याचा विचारही त्यांच्या मनात आला. पण इंग्लंड-फ्रान्स युद्धाचे ढग जमू लागले आणि तो बेत राहिला.

लेखन मात्र थांबले नाही. दुसऱ्या खंडाचे स्वागत बरे झाले आणि मिलर यांनी ग्रंथाची धुरा उचलली. ह्यूम काळात मागे मागे जात राहिले. १७५९ मध्ये ट्यूडर राजवट आणि १७६२ पर्यंत सीझरच्या स्वारीपासूनचा प्राचीन भाग, असे सहा खंड पूर्ण झाले. राजे व लढाया यांच्याबरोबरच व्यापार, वस्तूंच्या किमती आणि चालीरीती यांनाही त्यात स्थान होते. सुबोध, ओघवत्या कथनामुळे विद्वानांच्या वर्तुळाबाहेरील वाचकही या ग्रंथाकडे वळला. प्राचीन भागाच्या दोन खंडांसाठी मिलर यांनी १४०० पौंड मोजले.

विद्यापीठांनी नाकारलेल्या या लेखकाला आर्थिक स्वातंत्र्य दिले ते ग्रंथविक्रीने. मजकुरावरील संस्कार अखेरपर्यंत सुरूच होते. २५ ऑगस्ट १७७६ रोजी ह्यूम यांचे निधन झाले. त्यांच्या शेवटच्या दुरुस्त्यांसह ग्रंथाची आवृत्ती १७७८ मध्ये प्रसिद्ध झाली.