सहा भाषांचा कोश करणाऱ्या शाहजहाँ बेगम

शाहजहाँ म्हटलं की आपल्याला मुघल बादशहाच आठवतो. पण भोपाळच्या गादीवरही एक शाहजहाँ होऊन गेल्या. नवाब शाहजहाँ बेगम. त्यांच्या इमारती आजही लोक बघायला जातात, पुस्तकं मात्र विस्मरणात गेली.

१८३८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील नवाब जहाँगीर मोहम्मद खान वारले तेव्हा त्या जेमतेम सहा वर्षांच्या होत्या. गादी त्यांच्या नावावर आली, कारभार पुढे आई सिकंदर बेगम यांनी पाहिला. १८६० मध्ये शाहजहाँ बेगम यांनी आईसाठी गादीचा हक्क सोडला. आईच्या इंतकालानंतर, १८६८ मध्ये, त्या पुन्हा गादीवर बसल्या.

राज्य सांभाळता सांभाळता त्या लिहीत राहिल्या. 'ताजुल इक्बाल' हा भोपाळ संस्थानाचा इतिहास त्यांनी उर्दूत लिहिला. १८७६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. पुढे 'खजीनतुल लुगात' हा कोश आला. उर्दू, फारसी, अरबी, संस्कृत, तुर्की आणि इंग्रजी अशा सहा भाषा त्यात आहेत. 'तहजीबुन निस्वाँ' हे पुस्तक त्यांनी खास बायकांसाठी लिहिलं. बाळंतपणापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आलं. 'शीरीन' आणि 'ताजवर' या तखल्लुसांनी त्या शायरीही करत.

पहिल्या पतीच्या निधनानंतर १८७१ मध्ये त्यांनी विद्वान सिद्दीक हसन खान यांच्याशी निकाह केला आणि त्या पुन्हा पडद्यात गेल्या. पण लेखणी थांबली नाही. वर सांगितलेला कोश त्यानंतरचाच. १८८५ मध्ये इंग्रजांनी सिद्दीक हसन यांचे किताब काढून घेतले, तेव्हाही बेगम पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

एक दुःख मात्र शेवटपर्यंत राहिलं. एकुलती एक हयात मुलगी सुलतान जहाँ यांच्याशी त्यांचा अबोला झाला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. सहा भाषांचे शब्द गोळा करणाऱ्या आईला लेकीशी बोलायला शब्द सापडू नयेत, हे वाचताना आपलंही मन जड होतं. इल्म मोठं खरं, पण घरातली गाठ ते आपोआप सोडवत नाही.

१९०१ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने त्यांचा इंतकाल झाला. ताजुल मसाजिदचं काम अर्धवट राहिलं, ते खूप वर्षांनी लोकांनी पुरं केलं. आणि जिच्याशी अबोला होता त्या लेकीने आईचा वारसा पुढे नेला. सुलतान जहाँ बेगम यांनीही पुस्तकं लिहिली, मुलींच्या तालीमसाठी काम केलं आणि १९२० मध्ये त्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

आपली मुलंही घरात उर्दू, शाळेत मराठी, मकतबमध्ये अरबी आणि बाहेर इंग्रजी ऐकत वाढतात. आपण याला ओझं म्हणतो. बेगमसाहेबांनी याच गोष्टीला खजिना म्हटलं होतं.