जाणीव खरी, कारण वेगळे : आबे फारिया

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरणाऱ्यांना एक अनुभव नवा नाही. समुद्र थोडा खवळलेला असला की धक्क्यावर पाय ठेवल्यानंतरही जमीन हलते आहे असे वाटते. रात्री अंथरुणावर पाठ टेकली तरी अंग डोलत राहते. आठ-आठ दिवस मासेमारी करून परतणाऱ्या खलाशांना तर हे सवयीचे. घर हलत नसते, पलंग हलत नसतो. तरी डोलणे जाणवते. लाटांशी जुळवून घेतलेला मेंदू किनाऱ्यावर आल्यावरही काही वेळ जुनाच हिशोब चालवत असतो. खिशात मोबाइल नसताना तो थरथरल्यासारखे वाटते, तेही याच जातकुळीतले.

हे प्रकार आपोआप थांबतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण काहींच्या बाबतीत ते थांबत नाहीत. अंगावरून मुंग्या चालल्याचा भास महिनोन् महिने होतो, घशात गोळा अडकल्यासारखे वाटते, हात अचानक आपला नसल्यासारखा होतो. तपासण्या कराव्यात तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग घरात दोनच मते उरतात. एक म्हणजे हे ढोंग आहे आणि दुसरे म्हणजे काहीतरी बाहेरचे आहे. या दोन्ही मतांना बाजूला सारणारी तिसरी वाट दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी दाखवली, त्यांत एक गोव्याचा माणूस होता. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, खुर्चीतून मागे कलणाऱ्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभा असलेला पुतळा अनेकांनी पाहिला असेल. तो त्यांचाच, आबे फारियांचा.

आपल्या चौल-रेवदंड्यावर आणि कोर्लईच्या किल्ल्यावर १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्याच पोर्तुगीजांच्या गोव्यात, बारदेशातील कांदोळी गावी ३१ मे १७५६ रोजी जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म झाला. वडील कायतान व्हितोरिनो कोलवाळचे, आई रोझा मारिया कांदोळीची. आईवडिलांचे पटले नाही. दोघे वेगळे झाले; वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये वडील १४ वर्षांच्या मुलाला घेऊन जहाजाने लिस्बनला निघाले. फेब्रुवारीत सोडलेला गोव्याचा किनारा मुलाला पुन्हा कधीच दिसला नाही. पोर्तुगालची भूमी लागायला नोव्हेंबर उजाडला.

पुढे रोममध्ये धर्मशास्त्राचा अभ्यास करून जुझे पाद्री झाले. लिस्बनला परतल्यावरची एक आख्यायिका गोव्यात अजून सांगितली जाते. राजघराण्यासमोर प्रवचन देण्याची पाळी आली, समोरची बडी मंडळी पाहून तरुण पाद्र्याची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेल्या वडिलांनी कोंकणीत हळूच सुचवले की ही सगळी भाजी आहे असे समज आणि काप. क्षणात जीभ मोकळी झाली आणि प्रवचन उत्तम पार पडले. कथा शब्दशः खरी असो वा नसो, गोंयकारांनी ती जपली याला अर्थ आहे. जिभेला कोणताही आजार नव्हता, तरी ती हलत नव्हती; आणि विश्वासातल्या माणसाच्या एका वाक्याने ती सुटली. फारियांचे पुढचे आयुष्य याच कोड्याभोवती गेले.

१७८७ मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध गोव्यात पिंटोंचा कट उघडकीस आला. संशयाची सुई लिस्बनमधील फारिया पितापुत्रांकडेही वळली. पुढच्या वर्षी जुझे पॅरिसला गेले. फ्रेंच राज्यक्रांतीची धामधूम त्यांनी तिथेच पाहिली; १७९५ च्या उठावात एका तुकडीचे नेतृत्वही केले. १८११ मध्ये मार्सेलला तत्त्वज्ञान शिकवण्याची नोकरी मिळाली. पण त्यांचे मन गुंतले होते ते त्या काळी गाजत असलेल्या चुंबकीय उपचारांत.

या उपचारांची कथा समजल्याशिवाय फारियांचे मोठेपण कळत नाही. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ मेस्मर १७७८ मध्ये पॅरिसला आले. प्राण्यांच्या शरीरात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि तो अडला की आजार होतो, असे त्यांचे म्हणणे. रुग्ण एका मोठ्या लाकडी टबाभोवती बसत, त्यातून निघालेल्या लोखंडी सळया दुखऱ्या जागी लावत. कोणाला झिणझिण्या येत, कोणाला अंगातून ऊब वाहिल्यासारखे वाटे, कोणाला झटके येत आणि नंतर बरेही वाटे.

१७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी केलेला प्रयोग आजही अभ्यासावा असा आहे. फ्रँकलिन यांच्या बागेतील एका झाडात चुंबकशक्ती भरल्याचे जाहीर केले आणि १२ वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेले. शक्ती भरलेल्या झाडापर्यंत तो पोचलाच नाही; भलत्याच झाडापाशी त्याला घाम फुटला, डोके जड झाले आणि तो बेशुद्ध पडला. समितीने निष्कर्ष काढला की द्रव वगैरे काही नाही, ही सारी कल्पनेची करामत. फाइल बंद झाली.

पण खरा प्रश्न तिथेच सुरू होत होता. झाडात काही नव्हते हे मान्य. मग त्या मुलाचा घाम कुठून आला? बेशुद्धी कशाने आली? नुसत्या कल्पनेने एवढे होत असेल, तर कल्पनेचाच अभ्यास करायला नको का? हा प्रश्न फारियांनी धरून ठेवला.

ऑगस्ट १८१३ मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील एका सभागृहात त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. दर गुरुवारी लोक पैसे भरून यायचे. टब नाही, सळया नाहीत, अंगावरून हात फिरवणे नाही. समोरच्याला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे आणि थोड्या वेळाने खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. काही जण खरोखरच एका वेगळ्या झोपेत जात. त्या अवस्थेत साधे पाणी दिले आणि मद्य आहे म्हटले तर मद्याची चव आणि नशा जाणवे. हात उचलता येणार नाही म्हटले तर हात जड होऊन पडे. सुटला म्हटले की हले. पेल्यात मद्य नव्हते आणि हाताला लकवा नव्हता. तरी चव खोटी नव्हती आणि जडपणाही खोटा नव्हता.

यातून फारियांनी काढलेला निष्कर्ष त्या काळाच्या फार पुढचा होता. माझ्या हातात कसलीही शक्ती नाही, जे घडते ते बसलेल्या माणसाच्या आतच घडते, असे ते सांगत. म्हणूनच प्रत्येकाला अशी झोप लागत नाही. ती लागणे हा झोपणाऱ्याचा गुण असतो. चमत्कार दाखवून पैसा आणि मान मिळवण्याची संधी हाताशी असताना, चमत्कार माझा नाही असे जाहीरपणे सांगणारे असे किती असतात?

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रक्त पातळ असलेल्यांना ही झोप लवकर लागते, असे त्यांनी मांडले. ते चुकीचे ठरले. झोपेतल्या माणसाला आजार ओळखता येतात, अशा तत्कालीन समजुतींतूनही ते पूर्ण सुटले नव्हते. पण त्यांचा घात या चुकांनी केला नाही. एका नटाने सभेत झोपेचे सोंग घेतले, ऐनवेळी डोळे उघडले आणि भर सभेत त्यांची फजिती केली. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारे प्रहसन आले. एकाने सोंग केले म्हणजे सगळ्यांचीच सोंगे, असा निकाल लोकांनी लावून टाकला. दुसरीकडे काही धर्ममार्तंडांना यात सैतानाचा हात दिसला. ढोंग किंवा बाहेरचे, तीच दोन मते!

सभा ओस पडल्या. फारियांनी एका छोट्या संस्थेत पाद्र्याचे काम पत्करले आणि उरलेली उमेद पुस्तकात घातली. या जागृत झोपेच्या कारणांवरचा त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले. पॅरिसमध्ये त्यांना पुरले, पण कबरीवर नावही नव्हते. पुढे अलेक्झांडर द्युमा यांनी आपल्या मॉन्टे क्रिस्टोच्या कादंबरीत कैदेतल्या पाद्र्याला त्यांचे नाव दिले. ते पात्र जगभर पोचले, खरा माणूस मागे राहिला. त्याचे शास्त्रीय ऋण फेडले ते फ्रान्समधील नान्सी शहरातल्या डॉक्टरांनी. संमोहनाचे मूळ सूचनेत आहे हे त्यांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले आणि ते आधी ओळखल्याचे श्रेय फारियांना दिले. १९०६ मध्ये गोव्याचेच डॉ. दालगाद यांनी मूळ ग्रंथ पुन्हा छापून घेतला. पणजीतला पुतळा १९४५ चा. तो घडवला शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी.

आज विज्ञान काय सांगते? मेंदू शरीराकडून येणारे संदेश नुसते टिपत नाही. आधीच्या अनुभवावरून काय जाणवायला हवे याचा अंदाजही बांधतो. हा अंदाज जोरकस असला की तोच जाणीव बनतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत कळ येते, ती यामुळेच. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. औषध नसलेल्या उपचाराने ज्यांचे दुखणे कमी झाले होते, त्यांना अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर दुखणे पुन्हा वाढले. म्हणजे नुसत्या अपेक्षेने शरीराने स्वतःचे वेदनाशामक तयार केले होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मनाचे खेळ म्हणून ज्याला आपण हिणवतो, त्याचे रसायन असे सापडू लागले.

इजा दिसत नसताना हात बधिर पडणे, पाय लुळा होणे, झटके येणे अशा त्रासाला डॉक्टर आता कार्यात्मक विकार म्हणतात. पेटीची एकही पट्टी तुटलेली नसते, पण सूर भलताच लागतो, तसे हे. यावर फिजिओथेरपी आणि समुपदेशनाचा उपयोग होतो. मुख्य म्हणजे, तुमचा त्रास खरा आहे आणि तो कसा निर्माण होतो, हे रुग्णाला नीट समजावून सांगणे हीच उपचारांची पहिली पायरी असते.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा छातीत कळ आली, तर तो मनाचा खेळ समजून घरी थांबू नये; ताबडतोब रुग्णालय गाठावे. कार्यात्मक विकाराचे निदान डॉक्टरांनी तपासूनच करायचे असते, शेजाऱ्यांनी नव्हे.

आणि तपासणीनंतर रिपोर्ट नॉर्मल आले, तरी घरातल्या माणसाला ढोंगी ठरवू नका किंवा अंगारे-धुपारे करायला नेऊ नका. त्याला जे जाणवते ते त्याला खरोखरच जाणवते. कांदोळीचा एक पाद्री हेच सांगता सांगता थट्टेचा विषय झाला. निदान आपल्या घरात तरी ती थट्टा पुन्हा होऊ नये.