अ‍ॅलर्जी या शब्दाचे जनक

वांग्यापासून व्याह्यांपर्यंत कशाचीही अ‍ॅलर्जी असल्याचे आपण सहज सांगून टाकतो. मराठीत इतका रुळलेला हा शब्द १९०६ सालापूर्वी जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हता. तो घडवला व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञाने. त्यांचे नाव क्लेमेन्स फॉन पिर्के.

१२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळ हिर्शस्टेटन येथे एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. आईचे माहेर पेढीवाल्यांचे, म्हणजे आम्हा बँकवाल्यांच्या गोत्रातले! तरुणपणी ते धर्मशास्त्र शिकले, मग तत्त्वज्ञान, आणि अखेर वैद्यकाकडे वळले. १९०० साली ग्राझ विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि व्हिएन्नाच्या सेंट अ‍ॅना बालरुग्णालयात रुजू झाले.

तो काळ घटसर्पाचा. घशात पडदा धरून लेकरे गुदमरत. घोड्याच्या रक्तापासून केलेली लस, म्हणजे सीरम, टोचली की पुष्कळ मुले वाचत. पण वाचलेल्या काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप भरे, अंगावर पित्त उठे, सांधे सुजत. औषधाने तारलेले मूल त्याच औषधाने का आजारी पडावे? घोड्याच्या रक्तातच काही विष असेल, असा तर्क सोपा होता. विष असते तर लगेच भिनले असते. मधले दिवस कशासाठी?

पिर्के आणि त्यांचे तरुण सहकारी बेला शिक यांनी खाटेखाटेपाशी बसून दिवस मोजले. दुसऱ्यांदा सीरम दिलेल्या मुलाला तोच त्रास कितीतरी लवकर, कधी त्याच दिवशी होई. व्याज कुठल्या तारखेपासून धरायचे यावर माझी नोकरी गेली, म्हणून असेल, पण तारखांकडे असे टक लावून पाहणारा माणूस मला आपला वाटतो. निष्कर्ष असा निघाला, की रोग बाहेरून येत नाही. परक्या पदार्थाशी लढायला शरीर जी द्रव्ये तयार करते, त्यांची त्या पदार्थाशी गाठ पडते आणि त्या झटापटीतच रोग जन्मतो. रक्षण करणारी शक्तीच मुलाला पिडते, हे त्या काळी पचायला जड होते. १९०५ साली दोघांनी यावर ग्रंथ लिहिला. पुढच्या वर्षी पिर्के यांनी दोन ग्रीक शब्द जोडून अ‍ॅलर्जी हा शब्द केला. त्याचा अर्थ, बदललेली प्रतिक्रिया. त्यांच्या लेखी तीत रक्षण आणि अपाय दोन्ही येत; आपण फक्त अपाय ठेवला.

हीच कल्पना त्यांनी १९०७ साली क्षयाला लावली. मुलाच्या हातावर ट्यूबरक्युलिनचा थेंब ठेवून बारीक ओरखडा काढायचा आणि एक-दोन दिवसांनी त्वचा पाहायची. लाल गाठ आली, तर शरीराची क्षयजंतूशी आधीच ओळख झालेली आहे. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली मॉन्टू टेस्ट याच परीक्षेची सुधारलेली आवृत्ती.

बाल्टिमोर आणि ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकी करून १९११ साली ते व्हिएन्नाला परतले. पहिल्या महायुद्धानंतर तिथे मुले उपाशी होती. अमेरिकन मदतीतून लाखभराहून अधिक मुलांना जेवण देण्याची व्यवस्था पिर्के यांनी लावली. त्यासाठी त्यांनी आहाराचे जणू चलनच काढले. एक ग्रॅम दुधातले पोषण म्हणजे एक नेम. पाव, साखर, लोणी सारे त्यात मोजायचे. ही पद्धत पुढे टिकली नाही, पण त्या मुलांची ताटे भरली.

२८ फेब्रुवारी १९२९ रोजी क्लेमेन्स आणि त्यांच्या पत्नी मारिया यांनी एकत्रच आयुष्य संपवले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. मी तिच्यात शिरत नाही.

शिक त्याआधीच न्यूयॉर्कला गेले होते. दमा, शेंगदाण्याची किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी यांच्यामागचे आयजीई हे द्रव्य इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत दाखवून दिले. आज मुलाच्या रक्तात ते मोजता येते, हातावर थेंब टोचून पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का तेही पाहता येते. पण अंगावर पित्त उठलेले पोर घेऊन आई दवाखान्यात आली, की डॉक्टर आधी विचारतात ते हेच, की त्याने काय खाल्ले आणि त्यानंतर किती वेळाने हे उठले.